बॉनेटवरचं कुंकू

बाटलीवरचं इंग्रजी मलाच समजतं, म्हणून बाबांनी नव्या गाडीच्या रंगावर सिरॅमिक कोटिंगचा चकचकीत संरक्षक थर चढवायचं काम माझ्यावर सोपवलं. बॉनेटवर शेवटचा हात फिरवून झाला. आता दिवसभर त्याला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नव्हता. मी सारखी अंगणात जाऊन आभाळ बघत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू ओलं कुंकू घेऊन आल्या.

"गाडी परवा आली, अन् अजून पूजा न्हाई? सरक, स्वस्तिक काढते."

काकूंना मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांचं बोट बॉनेटकडे वळलं, तशी मी मध्ये उभी राहिले.

"टायरला लावा," एवढंच निघालं.

"बोलती का गं तू! मला वाटलं मुकीच हाय," म्हणत काकू टायरपाशी बसल्या.

त्या गेल्यावरही मी बॉनेटपासून हलले नाही.