भोरला क्षेत्र मोजायला

स्वारगेटहून एसटी सुटली तेव्हा पिशवीत गणितातला प्रबंध होता आणि डोक्यात एकच घोर : यंदा वय उलटलं की संशोधनाच्या जागांना अर्जही करता येणार नाही. विद्यापीठांनी वाटेला लावलं होतं. उरलं होतं भोरचं एक ‘संशोधन केंद्र’. जाहिरातीत म्हटलं होतं, ‘गणितातील डॉक्टरेट हवी, क्षेत्राचा अनुभव आवश्यक.’ गणितात क्षेत्र म्हणजे बेरीज-गुणाकाराचे ठरावीक नियम पाळणारा संख्यांचा समूह, आणि माझा प्रबंध सांत (मर्यादित) क्षेत्रांवरच होता. म्हटलं, जागा आपल्यासाठीच काढलीय.

कापूरहोळला एसटीने मान टाकली. भोरला निघालेल्या हमीदभाई नावाच्या टेम्पोवाल्याने पुढे बसवून घेतलं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं हिरवीगार होती, पण माझं लक्ष कुठलं!

“कुटं उतरायचं, म्याडम?”

“संशोधन केंद्रात.”

“त्ये व्हय! आदी तितं खताचं गोदाम हुतं. आता नुस्ती पाटी बदललीया.”

पाटी खरंच नवी होती. आत वास मात्र युरियाचाच.

केंद्राचे अध्यक्ष, कडक इस्त्रीतले पुढारी, एकटेच मुलाखत घ्यायला बसले होते. माझ्या प्रबंधावर त्यांनी चहाची बशी ठेवली.

“क्षेत्रावर लई काम केलंय म्हणं तुमी?”

“हो. मर्यादित क्षेत्रांवर.”

“हितं समद्यांचंच मर्यादित हाय. वेल्ह्याकडं तर नुस्तं तुकडं, अन् बांधावरनं मारामाऱ्या. मोजताना चुकत न्हाई ना?”

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांना हवा होता मोजणीदार (जमीन मोजणारा), आणि अनुदानासाठी कागदावर दाखवायला डॉक्टरेट! फीत ओढायला डॉक्टरेट मागणारी ही थोर संस्था! माझ्या क्षेत्रात गुंठाभरही जमीन नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं.

“चुकत नाही,” मी म्हणाले.

“मग सोमवारपास्नं या. बूट घाला, रानात काटं हायती.”

परतीच्या एसटीत मी साहेबांना, त्यांच्या गोदामाला आणि अनुदान देणाऱ्या शहाण्यांना मनसोक्त नावं ठेवली. खिडकीच्या जागेवरून भांडणाऱ्या दोघा प्रवाशांवरही उगाच खेकसले. मग आठवलं, विद्यापीठातल्या विद्वानांनी मला माझ्या विषयावर एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. लाज वाटत होती आणि, खरं सांगते, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं.

स्वारगेटच्या एसटीडी बूथवरून आईला फोन केला. नोकरी लागली म्हणताच ती रडायलाच लागली.

“तुझ्याच विषयातली ना गं?”

“क्षेत्रांचीच,” मी म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.