दोन फर्लांगांचं पेट्रोल

आमच्या उस्तादांचा कान गेला होता, असं नगरमधले जुने गाडीवाले अजून सांगतात. "माणूस देवासारखा, पण दुष्काळाच्या साली कानानं दगा दिला आणि स्टिअरिंग सुटलं." हे मी गॅरेजात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला नदीवर बसलो असताना ऐकलं. प्रत्येक वेळी मी मान हलवली. मान हलवणं खोटं बोलण्यात धरतात की नाही, मला ठाऊक नाही. उस्तादांना जाऊन बरीच वर्षं झाली, मी ऐंशीला टेकलो आहे, तेव्हा आता सांगून टाकतो. त्यांचा कान ठणठणीत होता. गडबड माझ्या गुडघ्यात होती.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण पाण्याची खरी ओढाताण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात झाली. पाथर्डीच्या बाजूच्या गावांना पाणी पोचवायला मिळेल ती गाडी लावली जात होती. आमच्या ठेकेदारानं लावलेली गाडी लष्कराच्या लिलावातली, लढाईच्या काळातली, पेट्रोलवर चालणारी ट्रक होती. पाठीवर पाण्याची लोखंडी टाकी बसवलेली. चालवायला उस्ताद, आणि ती वाटेत बंद पडणारच हे गृहीत धरून बरोबर मिस्त्री म्हणून मी. माझं वय सव्वीस, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

उस्ताद पन्नाशीचे, नेवाशाकडचे, लष्करात गाड्या चालवून आलेले. त्यांची ख्याती गाडी चालवण्यापेक्षा गाडी ऐकण्याची जास्त. कार्बोरेटरला ते इंजिनाची चूल म्हणत. पेट्रोल किती, हवा किती, हे कालवण तिथं जमलं की गाडी सुखी. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, लाकडी मूठ कानाला लावत, डोळे मिटत आणि निकाल देत. पेट्रोल कमी पडत असेल तर "उपाशी हाय." जास्त होत असेल तर "अजीर्ण झालंय." मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडं, पाव आटा तिकडं. नगरहून डॉक्टर आणि वकील आपल्या मोटारी घेऊन त्यांच्याकडं यायचे आणि ते झाडाखाली उभ्या उभ्या गाडी सुरळीत करून द्यायचे. चहाशिवाय काही घेत नसत. पण त्यांनी सांगितलेलं निदान कुणी तपासून पाहिलं, तर मात्र त्यांना राग यायचा.

आमच्या ट्रकचा पेट्रोल वर खेचणारा पंप केव्हाच मेला होता. नवा मिळेना. म्हणून मी एक पत्र्याचा डबा केबिनच्या टपावर बांधला, त्यातून रबरी नळी थेट कार्बोरेटरला सोडली. वरून पेट्रोल आपोआप उतरायचं. नळीच्या मध्ये एक पितळी तोटी बसवली, गाडी उभी असताना बंद करायला. ती तोटी नेमकी माझ्या बसायच्या जागी, उजव्या गुडघ्याजवळ आली. हे मी मुद्दाम केलं नव्हतं. एवढं तरी लोकांनी मानावं.

आमच्या फेरीत तीन गावं होती. मधलं गाव माझी सासुरवाडी निघालं. त्या गावाची स्वतःची विहीर अजून थोडी ओली होती, म्हणून टँकरला तिथं थांबायचा हुकूम नव्हता. टँकर पुढच्या, शेवटच्या गावाला जायचा. पहिल्याच दिवशी सासूबाई रस्त्यावर उभ्या होत्या. गाडी हळू झाली तशा त्या मोठ्यानं शेजारणीला म्हणाल्या, "जावई पान्याच्या गाडीवर हाय म्हून गावभर सांगितलं, अन् घागर पालथीच."

शेजारीण म्हणाली, "लांबचा जावई आसंल."

उस्ताद गालातल्या गालात हसले. "जावईबापू, तुमची आब्रू चालली रस्त्यानं," ते म्हणाले आणि गिअर टाकला.

दोन दिवसांनी खड्ड्यात गाडी आदळली आणि माझा गुडघा तोटीवर बसला. तोटी बंद झाली, मला कळलं नाही. गाडी आपली चालतच राहिली, कारण कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. ते संपलं तेव्हा गाडी आचके देत थांबली, ती थेट सासुरवाडीच्या ओढ्यापलीकडच्या चढावर. उस्ताद खाली उतरून बॉनेट उघडेपर्यंत मी तोटी पाहिली, दचकलो आणि उघडली. खरं सांगायला लाज वाटली. मिस्त्री मी, तोटी माझी, गुडघा माझा. वरून पेट्रोल उतरलं, वाटी पुन्हा भरली. उस्तादांनी झाकण काढून पाहिलं तर वाटी काठोकाठ.

"तोटी उघडी हाय का रं?"

"उघडीच हाय, बघा की."

त्यांनी पाहिलं. ती उघडीच होती.

बॅटरी मेलेली, इंजिन तापलेलं, हँडल मारून सुरू होईना. ढकलायची म्हटलं तर पाण्यानं भरलेली ट्रक चढावर कोण ढकलणार? उस्ताद म्हणाले, टाकी थोडी हलकी करावी लागेल. मागचा व्हॉल्व उघडायचा अवकाश, गाव घागरी घेऊन धावत आलं. चौथा हिस्सा पाणी गेलं, मग चाळीस माणसांनी गाडी अशी ढकलली की आम्ही चढ संपायच्या आतच सुरू झालो. त्या संध्याकाळी माझ्या बायकोला माहेराहून निरोप आला की जावई गुणाचा आहे.

आता इथं थांबायला हवं होतं. पण सासूबाईंचं कौतुक फार क्वचित मिळतं. मी चार-पाच फेऱ्यांत हिशेब बसवला. वाटीतलं पेट्रोल भरल्या गाडीला दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल, पुरतं. सासुरवाडीच्या अलीकडं रस्त्याला एक मोडका मैलाचा दगड होता. तिथं गुडघा जरा आत घेतला की गाडी बरोबर चढावर मरायची. बंद करायला हात लावायची गरजच नाही; उस्ताद खाली उतरले की तोटी गुपचूप पुन्हा उघडायची. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत, एखाद्या कीर्तनाला बसल्यासारखा बसायचो.

रोज नव्हे, एक दिवसाआड. रोज केलं असतं तर कुणालाही संशय आला असता, इतकी अक्कल होती.

उस्तादांनी काय नाही केलं. पेट्रोल जातं ते बारीक भोकाचं जेट काढून तोंडानं फुंकलं. डब्यातलं पेट्रोल फडक्यातून गाळलं. उन्हानं पेट्रोल उकळतंय म्हणून कार्बोरेटरवर ओलं गोणपाट टाकलं. प्लग बदलले. सुटीच्या दिवशी सगळा कार्बोरेटर उलगडून चादरीवर मांडला, आणि मीही त्यांच्या बरोबर बसून प्रत्येक भाग उजेडाकडं धरून, गंभीर तोंड करून पाहिला.

एकदा चढावर ते म्हणाले, "मिस्त्री, मला काय ऐकू येतं सांगू? मरताना ही उपाशी मरती. हवा वढती, पेट्रोल न्हाई. साफ ऐकू येतं मला."

"पन वाटी तर भरलेली हाय, उस्ताद."

"तेच तर." त्यांनी भरलेल्या वाटीत बोट बुडवलं, वास घेतला. "डोळ्यानं दिसतं त्ये खरं, का कानानं ऐकू येतं त्ये?"

मी म्हणालो, "डोळा कशाला खोटं बोलंल?"

हे वाक्य माझं. नंतर इतकी वर्षं ते मला कधीही, जेवतानासुद्धा, आठवतं.

सासूबाईंना मात्र काहीतरी उमगलं होतं. एकदा आम्ही बंद पडायच्या आधीच चढावर घागरी, हंडे, एक परात असं सगळं रांगेत मांडलेलं होतं. उस्तादांनी विचारलं, "मावशी, आमी बंद पडनार हे तुमाला आधीच कसं कळलं?"

सासूबाईंनी पदर सावरला. "गाडीचा काय भरवसा हाय का? आमी आपल्या मांडून ठेवतो. पडली तर पडली."

मला हसू दाबताना ठसका लागला. उस्ताद हसले नाहीत. ते घागरींकडं पाहत होते. त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टर-वकिलांच्या मोटारी घेणं बंद केलं. कुणी आला की, "चार दिवसांनी या," असं सांगायचे. आपलाच कान पारखून घ्यावा म्हणून की काय, ते गाडी उभी असताना मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकत बसायचे, मग दुसऱ्या कानाला लावायचे.

शेवटच्या गावातून तक्रार गेली की टँकर अर्धामुर्धाच येतो. तिथं मी रोज उतरायचो, त्यामुळं तक्रार खरी आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. टाकी संपली की रांगेतल्या मागच्या बायका व्हॉल्वखालचा चिखल वाटीनं भरून घ्यायच्या. मी त्या वेळी टायर तपासायचो. टायरना काही झालेलं नसायचं.

तक्रारीवरून ओव्हरसीअर साहेब जीपनं आले. ठेकेदाराची नवी डिझेल गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती आणि ती उस्तादांना मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. साहेबांनी चढावरच विचारलं, "ड्रायव्हर, एवढे दिवस झाले, दोष काय आहे गाडीत?"

तेव्हा मी तोंड उघडायचं होतं. फार तर मला हाकललं असतं. मी तरुण होतो, हात चालत होते, नगरला दुसरं गॅरेज मिळालं असतं. पण समोर सासूबाई उभ्या होत्या, मेव्हणा उभा होता, गावातली चाळीस माणसं उभी होती.

उस्ताद टोपी काढून म्हणाले, "साहेब, दोष गाडीत न्हाई. माझ्या कानात हाय. मला जे ऐकू येतं त्ये गाडीत सापडत न्हाई. आसा मानूस गाडीवर ठिवू नये."

साहेब गोंधळले. ड्रायव्हर स्वतःवर आरोप घेतो, हे त्यांनी पाहिलं नसावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मिस्त्री, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणालो, "उस्तादांना म्या काय सांगनार, साहेब."

लोकांना हा माझा विनय वाटला.

उस्ताद गाडीवरून उतरले ते कायमचे, आणि नवी डिझेल गाडी चालवायला मलाच मिळाली. सासुरवाडीत पेढे वाटले गेले. डिझेल गाडीला कार्बोरेटर नसतो आणि तिच्या केबिनमध्ये तोटीही नव्हती, त्यामुळं ती चढावर एकदाही थांबली नाही. सासूबाई आठवडाभर घागरी मांडून बसल्या आणि मग माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

पाच-सहा वर्षांनी नेवाशाकडं काम निघालं, तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवून उस्तादांच्या वस्तीवर गेलो. माझ्याकडं जुनी मोटारसायकल होती. मी दारात गाडी बंद करतो तोच आतून आवाज आला, "अजीर्ण झालंय तुझ्या फटफटीला. काळा धूर टाकत आसंल."

त्यांची सून बाहेर आली. म्हणाली, "मोठ्यानं बोला हं, भाऊ. मामंजींना कमी ऐकू येतं. लई वर्सं झाली."

घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत होते. नातूसुद्धा. मीही ओरडलो, "बरं हाय ना, उस्ताद?" म्हटलं, आता ओरडून कसं सांगायचं? सगळी वस्ती ऐकेल. ही सबब मला इतकी आवडली की मी तिच्यावर चहा पिऊन घेतला.

सून आत गेल्यावर उस्ताद म्हणाले, "तू हळू बोल. मला तुझं कळतं." मग जरा चाचरत म्हणाले, "फटफटीचं म्या बोललो, त्ये खरं हाय का? मला तसं वाटलं. पन माझं काय खरं न्हाई आता."

मी तोपर्यंत पंचक्रोशीत नावाजलेला मिस्त्री झालो होतो. माझ्याच गाडीचा कार्बोरेटर बिघडलेला आहे हे कबूल करायला जीभ उचलेना. बाकीचं तर राहिलंच.

"गाडी ठीक हाय, उस्ताद," मी हळूच म्हणालो.

"व्हय?" ते म्हणाले. "मग जाऊ दे."

वस्तीबाहेर आल्यावर मी गाडी थांबवली, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. काळा धूर थांबला. परत फिरून एवढंच सांगून यायला मला पाच मिनिटं लागली असती.