उस्मानचाचा आणि पत्र्याची नस

उस्मानचाचांचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या मीटिंगमध्ये होते. जेवायच्या सुट्टीत करू, म्हणून मी तो कापला... आणि जेवायच्या सुट्टीत त्यांच्या मुलीचा, रेहानाचा फोन आला. खारेपाटणच्या बाजारातल्या आपल्या पत्र्याच्या दुकानात, बाकड्यावर बसल्या जागीच चाचा गेले होते. माझ्या संगणकाच्या पडद्यावर त्यांच्यासाठीच काढलेली, एका होडीच्या डिझेलच्या टाकीची आकृती उघडी होती.

चाचांची माझी ओळख जेमतेम तीन वर्षांची. पुण्याची नोकरी घरून करता येऊ लागली आणि मी आमच्या काजूच्या बागेतल्या घरी परतले. पत्र्याच्या वस्तूंची संगणकावर मॉडेलं करणं हे माझं काम. पत्र्याची जाडी सांगायची, कडा उभ्या करायच्या, मग सगळ्या घड्या उलगडून सपाट आकृती कापायला पाठवायची. चाचांनी तेच काम जन्मभर पुठ्ठ्यावर पेन्सिलीने केलं होतं. नजर अधू झाली तेव्हा रेहानाला घेऊन ते आमच्या ओट्यावर आले आणि कसलाही संकोच न करता म्हणाले की, आता खुणा दिसत नाहीत, तू काढून दे.

पहिलीच टाकी माझ्यामुळे फुकट गेली. पत्रा वाचावा म्हणून मी भाग आडवेउभे फिरवून एकाच तक्त्यात बसवले होते. कोल्हापूरहून ते कापून आले, चाचांनी दुमडायच्या यंत्रात धरले, आणि ॲल्युमिनियमच्या त्या जाड पत्र्याला दोन घड्यांवर केसाएवढ्या चिरा गेल्या. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. सगळे बरोबर होते. चाचा रागावले नाहीत. माझं बोट धरून त्यांनी पत्र्यावरच्या बारीक रेघांवरून फिरवलं.

"पत्र्याक नस आसता गो. घडी तिच्या आडवी घाल. तुझ्या त्या काचेत ती दिसाची नाय."

पत्रा ज्या दिशेने लाटलेला असतो, त्याच दिशेने घडी पडली की तो फुटू शकतो. हे मी शिकले होते, आणि विसरले होते. ती टाकी तशीच समुद्रात गेली असती तर...

ते गेल्यावर हाच विचार मला बसू देईना. शेवटचा फोन कशासाठी होता? माझी पुन्हा काही चूक सापडली होती का? पंधरा दिवस मी ती फाइल उघडत होते, बंद करत होते. प्रत्येक घडीची त्रिज्या, कोपऱ्यातली प्रत्येक खाच मोजली. एका सकाळी मालवणच्या बंदरावर गेले आणि आमच्या टाक्या बसवलेल्या तिन्ही होड्यांवर चढून, मिठाने पांढऱ्या झालेल्या घड्या बोटाने चाचपल्या. खलाशी नुसते बघत राहिले. चीर कुठेच नव्हती, तरी जीव थाऱ्यावर येईना. रेहानाला विचारायचं तर धाडसच होत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी गेले शेवटी. दुकान तिने पुन्हा उघडलं होतं. मी त्या फोनबद्दल विचारलं. तिने यंत्राकडे बोट दाखवलं. त्याच टाकीचा तळ त्यात तसाच अडकवलेला होता. तीन कडा उभ्या, एक सपाट.

"चवथी कड तुझ्या हातान घालूची म्हणान फोन केल्यानी. म्हणी, इतकी चित्रा काढता, पन पत्र्याक कधी हात लावूक नाय."

मी यंत्राजवळ गेले. ती म्हणाली, घाल आता.

यंत्राचा दांडा माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जड होता. दोन्ही हातांनी वर ओढला. काटकोन झालासा वाटला म्हणून सोडला, तर कड किंचित मागे उघडली. पत्र्याचं हे मागे येणं मी रोज आकड्यात धरते. हाताला ते पहिल्यांदाच कळलं.

"सोडलंस की तो मागे येताच," रेहाना म्हणाली. "अब्बा वायच फुडे नेयत."

मी दांडा पुन्हा धरला आणि थोडा पुढे नेला.