उलटा पाठवलेला फोटो

नव्व्याण्णव साली आमच्या तिसगावात, आभाळातला सॅटेलाइट नेमका कुठं असतो हे दोनच बायकांना ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी माझी सासू. हसू नका. आम्हाला ते ज्यापायी शिकावं लागलं ते ऐकलंत तर हसणार नाही.

माझा नवरा जहाजावर होता. मालाचं नव्हे, हौशी माणसांना फिरवून आणणारं जहाज. वर नाचघर, सिनेमा, पोहायचा तलाव. आणि खाली पोटात बेकरी, तिथं आमचे हे पाव भाजायचे. नगरच्या एका बेकरीत हात बसला होता, मुंबईच्या एजंटानं नेलं. मी तेव्हा चार-पाच महिन्यांची पोटुशी. उन्हाळ्यात ते जहाज नॉर्वेच्याही वर, पार बर्फाच्या कडेपर्यंत जायचं. त्यांनी जाताना शाळेच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं तर नकाशा तिथं संपतच होता.

मला आई नाही, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. बाई कडक, पण मायेची नव्हती असं म्हणाले तर जीभ झडेल माझी.

दिव्यांच्या अवसेला ग्रहण आलं. मला नववा लागलेला. आत्याबाईंनी इळी, सुऱ्या, कात्री, सुया, सगळं उचलून माळ्यावर टाकलं आणि मला खोलीत सरळ झोपवलं. चिरायचं नाही, कापायचं नाही, मोडायचं नाही, कूस बदलायची नाही. ग्रहण सुटेपर्यंत मी तशी ओंडक्यासारखी पडून होते. नाकावर माशी बसली तरी हात हलवला नाही. त्यानंतर आठवड्याभरात लेक झाली, आणि तिचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत उघडा होता.

आत्याबाईंनी आधी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय चिरलंस गं?"

"काही नाही हो आत्याबाई."

"मंग ह्ये कसं झालं?"

नगरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो, नाहीतर राहून जातो. ग्रहण नवव्यात होतं, त्याचा काय संबंध? तीन महिन्यांची झाली की शिवून देऊ, बारीक रेघ राहील, बाकी मुलगी ठणठणीत आहे. आत्याबाईंनी सगळं मान हलवून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "डाक्टर काय घरी हुता का त्या दिवशी?" पुढं शेजारणीनं फोडणी घातली की मी ग्रहणात पोलक्याचा दोरा दातानं तोडताना तिनं खिडकीतून पाहिलं. मी तोडला नव्हता. आजही सांगते, नव्हता तोडला. पण बारशाला आलेल्या बाया पाळण्यात डोकावायच्या आणि मग माझ्या दातांकडं बघायच्या.

एक मात्र खरं. लेकीला अंगावरचं दूध ओढता यायचं नाही. आत्याबाई तिला मांडीवर उभी धरून बोंडल्यानं थेंब थेंब पाजायच्या. तास तास. ठसका लागला की पाठ चोळायच्या, पुन्हा सुरू. मला इतका दम नव्हता, मी रडत बसायचे.

बारशाच्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं आणि माझा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. "माझ्या ल्येकाच्या जिवाची आन हाय तुला. ह्याच्यातलं एक अक्षर त्याला लिव्हायचं न्हाई. तिकडं येकटा हाय त्यो. चहूबाजूनं पानी. कळून करंल काय? शिवून घिऊ, मंग दावू."

किराणा दुकानाच्या फोनवर ह्यांचा एकदा फोन आला तेव्हाही आत्याबाईंनीच "लेक झाली, दोघी सुखरूप" एवढं सांगून ठेवला. बेकरीवाल्याला बंदरात उतरायला सवड मिळायची नाही, आणि जहाजावरून फोन लावायचा तर पगार त्यातच गेला असता. राहिला ईमेल.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. साऱ्या गावानं मला ओठ कापणारी ठरवलं होतं. 'तुझी काही चूक नाही' एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि ज्याच्या म्हणण्यानं माझ्या जिवात जीव आला असता असा एकच माणूस होता. तो बर्फात पाव भाजत होता.

आण होती अक्षराची. फोटोची कुठं होती?

बारशाला स्टुडिओवाला घरी बोलावला होता. आत्याबाईंनी लेकीचं दुपटं नाकापर्यंत ओढून फोटो काढून घेतले. पण त्या पाहुण्यांना चहा द्यायला वळल्या तेवढ्यात मी दुपटं खाली केलं आणि स्टुडिओवाल्याला म्हटलं, "दादा, एक काढा." फोटो धुऊन आले तेव्हा तो मी आत्याबाईंच्या आधी काढून ब्लाऊजच्या घडीत ठेवला.

बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो, पण लेकीचं वजन दाखवायला दर आठवड्याला नगरला जावंच लागायचं. करंजीच्या घाटातून जाताना एसटीत दोघी लेकीला आळीपाळीनं धरायचो. दवाखान्यात नंबर लावला की आत्याबाई तिला घेऊन बाकावर बसायच्या, आणि मी रस्ता ओलांडून समोरच्या टायपिंग क्लासमध्ये जायचे. 'सुखरूप आहोत' कळवायला आत्याबाईंची ना नव्हती.

क्लासच्या बाईंनी टाईपरायटरांच्या रांगेशेजारी दोन कॉम्प्युटर मांडले होते, नवा स्कॅनरही घेतला होता. नगरमधल्या किती घरांचे ईमेल त्या एकाच पत्त्यावर यायचे. बाई ते छापून घडी घालून ठेवायच्या, म्हणजे वाचायच्याही. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी फोटो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता स्कॅनरचं झाकण उघडलं. देव त्यांचं भलं करो.

पुढच्या खेपेला उत्तर तयार होतं. 'फोटो वरून खाली उघडतो. पूर्ण टोपडं आलं, लाल गोंड्याचं. मग गेला. नेटसाठी घेतलेल्या कार्डावरची मिनिटं संपली. परत पाठव.'

परत पाठवला. त्याच्या पुढच्या खेपेला: 'आज कपाळ आलं. तीट दिसली. डोळे आले!! माझ्या वडिलांचे डोळे आहेत. मग डोंगर आडवा आला.'

डोंगराचं त्यांनी समजावून लिहिलं होतं. आपल्याकडं सॅटेलाइट वर आभाळात असतो. तिकडं इतक्या वर गेलं की तो खाली खाली येत समुद्राला टेकल्यासारखा होतो. जहाजाची ताटली त्याच्याकडं तोंड करून बसलेली. मध्ये डोंगर आला की संपलं. आणि तिकडचा समुद्र डोंगरांच्या बोळातूनच जातो. प्रवासी डोंगर बघायला वर धावतात, खाली खलाशी शिव्या घालतात. गणपती उठले की जहाज खाली उबदार समुद्रात उतरेल, तिकडं लाईन चांगली असते.

मी तो कागद आत्याबाईंना वाचून दाखवला, फोटोचा भाग वगळून. त्यांना सॅटेलाइट फार आवडला. "म्हंजी मावळायला आलेल्या चांदावानी," असं म्हणून त्यांनी तो शेजारणीला, किराणावाल्याला, कंडक्टरला, दिसेल त्याला सांगितला.

आणि मी इकडं तळमळत होते. टोपडं आलं, कपाळ आलं, डोळे आले. माणूस खूश होऊन बसला वडिलांचे डोळे म्हणून, आणि जे दाखवायला मी हा सगळा उपद्व्याप केला ते दर वेळी खाली राहून जात होतं. मेलं ते नेट! नाकाच्या शेंड्यापाशी येऊन मरायचं. शेवटी एकदा बसमध्ये, लेकीला खांद्यावर घेऊन बसले असताना माझ्या डोक्यात लख्ख आलं. फोटो वरून उघडतो ना? मग उलटा ठेवायचा.

बाई म्हणाल्या, "अगं, डोकं आहे की तुला!" त्यांनी फोटो डोकं खाली, पाय वर असा काचेवर ठेवला आणि कॉम्प्युटरवर हनुवटीच्या खालचं सगळं कापून टाकलं, म्हणजे पहिल्यांदा हनुवटी आणि लगेच ओठ. मला इतका आनंद झाला होता! दवाखान्यात परत आले तर आत्याबाई म्हणाल्या, "काय गं, लई खुशीत?" मी म्हटलं, "काही नाही, बाईंनी चहा पाजला."

पुढचा आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. पोळी करपायची, दूध उतू जायचं. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी लेकीबरोबर माझीही दृष्ट काढली. नगरला पोचल्यावर मी रस्ता ओलांडला तो पळतच. बाईंनी घडी हातात दिली आणि त्या उगाच टाईपरायटरची रिबीन बदलायला लागल्या. मी उभ्या उभ्याच वाचलं.

'या वेळी फोटो उलटा आला. हनुवटी छान आली. पण ओठापाशी लाईन तुटली वाटतं. तिथं फोटो फाटल्यासारखा झालाय, पार नाकापर्यंत चीर गेली आहे. पुढं उघडलाच नाही. इथलं नेट म्हणजे असंच. मी सगळ्यांना दाखवला. कुकसुद्धा म्हणाला लाईन खराब. परत पाठव. सरळ पाठव.'

मी टाईपरायटरच्या स्टुलावर बसले. मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, ती लाईन नाही! ती तुमची लेक आहे! पण ओरडून नॉर्वेला ऐकू जातंय थोडंच. समोर रस्त्यापलीकडं बाकावर आत्याबाई लेकीचं टोपडं नीट करत होत्या. पुन्हा सरळ पाठवावा तर पुन्हा डोळ्यांपर्यंतच यायचा. उलटा पाठवला तर पुन्हा लाईन खराब. आता अक्षराशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि अक्षराला नवऱ्याच्या जिवाची आण होती.

मी बाईंना म्हटलं, "लिहा."

"काय लिहू?"

"फोटो नीट आला आहे. लाईन तुटली नाही. ती तशीच आहे."

बाईंनी तेवढंच लिहिलं. खाली मीच म्हटलं म्हणून अजून एक ओळ घातली: 'माझी काही चूक नाही ना?' आणि पाठवलं.

उत्तर आलं नाही.

पुढच्या खेपेला नाही, त्याच्या पुढच्या खेपेला नाही. गणपती उठले, घट बसले. मी रस्ता ओलांडायचे, बाई दारातूनच मान हलवायच्या, मी परत फिरायचे. फोनही नाही. पहिल्यांदा वाटलं, डोंगर. मग वाटलं, आण मोडली, आता जहाजाला काही झालं. घरी किराणावाल्याकडचा पेपर रोज उलटून बघायचे, कुठं जहाज बुडाल्याची बातमी आहे का. मग त्याहून वाईट वाटायला लागलं: काही झालेलंच नाही, नुसतं वाचून गप्प बसलेत. लाईन खराब आहे की माणूस, हे मला तिसगावात बसून कळायचं तरी कसं? कुणाला विचारायचं?

आत्याबाई विचारायच्या, "काय गं, कागुद न्हाई आला?"

"नाही हो. तिकडं तो सॅटेलाइट टेकलेला असतो ना. डोंगर आडवा येतो."

"व्हय, व्हय," म्हणायच्या आणि शेजारणीला जाऊन तेच सांगायच्या. "तिकडं लाईनच लागत न्हाई बाई. बिचारा काय करंल."

जहाज खाली उबदार समुद्रात उतरलं असणार, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी ते दिवाळीपर्यंत उत्तरेतच ठेवलं. दसऱ्याला कुणी विचारलं तरी डोंगर, पाडव्याला विचारलं तरी डोंगर. दुसरं काय करणार होते?

लेकीला तीन महिने झाल्यावर ओठ शिवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं खूप वेळ बघत बसले, कारण हे तोंड उद्या राहणार नव्हतं आणि तिच्या बापानं ते नीट पाहिलंच नव्हतं. आत्याबाईंनी शनिशिंगणापूरला तेल वाहिलं. टाके निघाले, सूज उतरली, आणि एका सकाळी ती बोंडलं सोडून माझ्या अंगावर ओढून प्यायली. आम्ही दोघी मोठ्यानं रडलो.

वर्ष संपता संपता ते आले. दोन बॅगा, चॉकलेटं, आत्याबाईंना लोकरीची शाल. लेकीला मांडीवर घेतलं आणि अंगठा तिच्या ओठावरच्या रेघेवरून हळूच फिरवला. "मस्त शिवलाय," म्हणाले. म्हणजे ठाऊक होतं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. आण मोडलेली त्यांना तेव्हा कळली. पण त्यांनी लेकालाच विचारलं, "काय रं, त्या सॅटेलाइटनं लई छळलं म्हनं तुला? डोंगर आडवं? हिनं आक्ख्या गावाला सांगितलंय."

त्यांना काही कळेना. "ते सुरवातीला. पुढं लाईन चांगली हुती की."

मी चुलीपाशी होते. हातातला उलथना तसाच धरून विचारलं, "माझा शेवटचा मेल कधी मिळाला?"

"त्याच दिवशी."

"मग?"

ते मांडीवर झोपी गेलेल्या लेकीच्या टोपड्याच्या गोंड्याशी खेळत राहिले. "काय लिहू, कळंना."

एवढंच. राग यावा इतकीसुद्धा ताकद माझ्यात उरली नाही. मी जाऊन लेक त्यांच्या मांडीवरून उचलली. ती झोपमोड होऊन रडायला लागली. आत्याबाईंनी अंगावरची नवी शाल काढून लेकापुढं ठेवली आणि माझ्याकडं हात पुढं केले.

"आन तिला हिकडं," त्या म्हणाल्या. "आन तूबी बस."