पांढऱ्या चहाचा वास

आई दादाच्या बाळासाठी टिटवाळ्याला राहायला गेली, तेव्हा डोंबिवलीच्या घरात मी आणि बाबा उरलो. मी घरूनच काम करते. आपणहून कुणाशी बोलायला जायची सवय नाही. त्याच दिवसांत मी सुटी पत्ती मागवून ग्रीन टी आणि व्हाइट टी करायला लागले. मैत्रिणींना ते डाएट वाटायचं, म्हणून त्यांना सांगणं सोडून दिलं.

ग्रीन टीचं पाणी उकळू द्यायचं नाही, चहा कडू होतो. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. पांढऱ्या चहाच्या कळ्यांवर लव असते. त्याला रंग जेमतेम येतो. जे काही आहे ते वासात. पहिला घोट घेतला की वाटायचं, हे आत्ता आणखी कुणाला तरी कळायला हवं.

घरात बाबाच होते. संध्याकाळी आम्ही गॅलरीत कप घेऊन बसायचो. ते रोज म्हणायचे, "छान झालाय." मला तेवढं पुरायचं.

एकदा ऑफिसचा कॉल चालू असतानाच मी पांढऱ्या चहासाठी किटलीत पाणी ओतलं आणि थोड्या वेळाने कप भरून नेले. बाबांनी अर्धा कप संपवला. "आजचा एकदम मस्त!" मग मी घोट घेतला. नुसतं गरम पाणी. पत्ती ओट्यावर वाटीतच राहिली होती.

विचारू की नको, असं करत शेवटी विचारलं, "बाबा, तुम्हाला वास येतो ना?"

त्यांनी कपात पाहिलं. "पत्ती टाकलीच नाहीस की काय?" आणि हसले. "पकडलंस बाई."

"कधीपासून?"

"कंपनीत होतो तेव्हापासून. केमिकलमध्ये एवढी वर्षं काढली, हळूहळू गेला. आईला माहितेय. म्हणून तर दूध नासलंय का ते ती मला कधी विचारत नाही."

"मग रोज छान का म्हणता?"

"अगं, तू निकाल लागायचा असल्यासारखी तोंडाकडे बघत बसतेस. काय बोलणार?"

राग आला नाही. फक्त इतके दिवस हा चहा मी एकटीच पीत होते, हे कळलं.

"उद्यापासून दूध-आलं घालून करते."

"नको, हाच कर. पण कसा लागतो ते सांगत जा."

मी आत जाऊन पत्ती घालून पुन्हा चहा केला. कप नाकाशी धरून म्हटलं, "सुक्या गवतासारखा." पाकिटावर तसं लिहिलं होतं.

"गवत की भाताचा पेंढा?" बाबांनी लगेच विचारलं. ते गावी वाढले. मी इथे, तिसऱ्या मजल्यावर. "पेंढ्याला गोडूस वास असतो. गवत जरा उग्र. नीट बघ."

मी पुन्हा वास घेतला. पेंढा मी कधी हुंगलाच नव्हता, आणि ज्यांनी हुंगला होता त्यांच्यापुढे कप धरून उपयोग नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गोडूस आहे," मी म्हणाले.

"मग पेंढाच," बाबा म्हणाले. त्यांना खात्री होती. मला नव्हती.