तांबडा थर आणि रतनभाऊ

बोअरवेलच्या धंद्यात पाण्यापेक्षा किस्सेच जास्त लागतात. पाणी लागलं त्या बोअरची आठवण कोणी काढत नाही. ढासळली तिच्याबद्दल मात्र शहाद्याच्या स्टँडवर चहा पिता पिता लोक वर्षानुवर्षं बोलतात. मी भूगर्भतज्ज्ञ म्हणून बोअर पाडायच्या एका रिगबरोबर बारा वर्षं हिंडले. माझ्याकडचे बहुतेक किस्से आमच्या ड्रिलरचे, रतनभाऊंचे आहेत. आणि त्यातल्या निम्म्यांत चूक माझी आहे.

*

माझा पहिलाच दिवस. मशीन धडधडत होतं आणि रतनभाऊ फिरत्या रॉडशेजारच्या लोखंडी चौकटीला तळहात लावून उभे होते. अचानक माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, रॉड वर ल्या. भीत ई ऱ्हायनी."

भिंत कुठून येणार? मी कॉलेजातून नुकतीच आलेली. म्हटलं, दगड पक्का आहे, चालू द्या.

दहा मिनिटांत रॉड खाली गच्च अडकला. तो सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत रतनभाऊंनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

*

प्रकाशा गावाला तापीकाठी सगळी गाळाची जमीन. तिथले एक काका भोक ढासळू नये म्हणून घालायचा केसिंगचा पाइप टाकूच देईनात. त्यांची जुनी विहीर म्हणे बिनबांधकामाची तशीच उभी होती. मी त्यांना अर्धा तास शास्त्र समजावलं.

रतनभाऊंनी ओल्या वाळूत बोट खुपसलं आणि काढून घेतलं. भोक आमच्यासमोर मिटलं. काका पाइप आणायला गेले.

*

नवापूरच्या डोंगरात एका पाड्यावर बोअर घेत होतो. पाड्यावरच्या रूथबाईंनी विचारलं, एवढा काळा कठीण दगड, तो आतून का फुटतो?

मी म्हटलं, खाली ताण असतो. त्यांना काही कळलं नाही.

मग रतनभाऊंनी सांगितलं. पाच जणांनी ओंडका खांद्यावर घेतलाय आणि मधलाच बाजूला झाला, तर त्याचं ओझं शेजारच्या दोघांवर येतं. आपण भोक पाडतो म्हणजे मधला काढून घेतो. शेजारचा दगड दणकट असला तर तोलतो, कच्चा असला तर चुरतो.

रूथबाई म्हणाल्या, "मग शेजारच्याला आधार द्या ना."

एवढंच तर करायचं होतं.

*

त्याच बोअरमध्ये बरंच खोल, दोन काळ्या थरांच्या मध्ये, एक तांबडा मऊ थर लागला. रतनभाऊंचं म्हणणं होतं, केसिंग या थराच्याही खाली न्या. या पट्ट्यात भोक गोल राहत नाही, उगवतीला आणि मावळतीला खरवडत जातं. रॉडला आकडा लावून फिरवला की त्या दोनच बाजूंना आकडा भिंतीला लागत नाही, असं त्यांनी कितीतरी बोअरींत पाहिलं होतं. हे रिपोर्टात लिहा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी लिहिलं नाही. पुरावा काय, म्हणून विचारतील, असं वाटलं. खरं म्हणजे, आठवी शिकलेल्या माणसाचं ऐकून लिहिलं असं कोणी म्हणू नये, असं वाटलं. केसिंग वरच्या मातीपुरतंच टाकलं गेलं.

पहिला उन्हाळा बोअर छान चालली. दुसऱ्या उन्हाळ्यात तांबडा थर पंपावर कोसळला. पंप निघाला नाही आणि बोअर कायमची बंद झाली. मी गेले तेव्हा रूथबाई ओढ्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत होत्या. रागावल्या नाहीत. "जेवून जा," म्हणाल्या.

*

पुढे बोअरमध्ये सोडायचा कॅमेरा आला. मी आधी तो त्याच बोअरमध्ये सोडला. पंपाच्या वर, तांबड्या थरात, भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. उगवतीच्या आणि मावळतीच्या भिंतींचे कपचे सुटले होते, बाकी दोन बाजू गुळगुळीत. आसपासच्या आणखी दोन बोअरींत तेच, त्याच दिशेला.

रतनभाऊ तोवर काम सोडून शहाद्याला घरी बसले होते. मशीनच्या आवाजानं कान पार गेले होते. त्या बोअरचं पुढे काय झालं, ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी मोबाईलवर तो व्हिडिओ घेऊन गेले. त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून कानाशी ओरडले, "भाऊ, तुमनं म्हननं खरं व्हतं."

त्यांना ऐकू आलं नाही. समोरच्या घरातली माणसं तेवढी बाहेर आली.

मग मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, परत पाहिला. स्क्रीनवरच्या त्या लांबट भोकाच्या कडेनं सावकाश बोट फिरवलं. मग कुठली बोअर म्हणून विचारलं. मी वहिनींकडून कागद घेऊन लिहिलं, रूथबाईंची.

त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "पानी कितलं शे आते?"

मी दोन बोटं वर केली. दोन इंच, म्हणजे भरपूर पाणी.

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.