मस्कतला दिलेलं रक्त

आम्ही नवराबायको पोराकडं मस्कतला राहून आलो. आता मांजरसुंब्याला चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, "आबा, काय काय पाहिलं?" समुद्र पाहिला, मोठी मशीद पाहिली. पण सांगायला तोंड उघडलं की बाहेर पडते ती तिथली लॅबच. माझ्या हृदयात झडप बसवलेली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते आणि ते किती पातळ झालं हे सारखं तपासावं लागतं. माणूस जिथं सारखा जातो तिथलेच किस्से साठतात. मी लॅबमध्ये जात होतो.

आणि एक गोष्ट मी जातानाच पोराला बजावली होती, आखितीच्या आत परत यायचं. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्यात घरातल्या थोरल्यानं वाडवडिलांच्या नावानं पाण्याची घागर पुजायची असते. वडील गेल्यापासून मी एकही आखिती चुकवलेली नाही.

०

पहिल्या दिवशी नर्सनं नुसतं बोट मागितलं. बीडला सुई हातात घालतात, नळी भरून घेतात आणि संध्याकाळी रिपोर्टला या म्हणतात. इथं एक थेंब पट्टीवर टेकवला आणि मशिनीत नंबर आला. मला पटलं नाही.

"संजय, तिला सांग, अजून घे. एका थेंबात काय कळतंय?"

"आबा, पुरतंय तेवढं."

"मंग बीडवाले एवढं घेऊन करत्यात काय?"

संजय बिल भरायला गेला.

०

पुढच्या खेपेला दुसरी नर्स होती, केरळची. तिची सुई माझ्या बोटात शिरेना. एक बोट झालं, दुसरं झालं, रक्त काही येईना. मी तरुणपणी ऊसतोडीला जायचो. मुकादम झालो नंतर, पण हाताचं कातडं तोडणीचंच राहिलं.

ती म्हणाली, "बाबा, आप क्या काम करता था?"

"गन्ना काटता था."

"हाथ से?"

"तो क्या दात से?"

शेवटी डाव्या करंगळीनं आमची लाज राखली. संजय माझा तळवा उलटा करून बघत बसला होता. लहानपणी याच हाताच्या थपडा खाल्ल्या, तेव्हा बघायला सवड नसावी.

०

बाकावर एक म्हातारा हमखास भेटायचा. हैदराबादचा, लेकीकडं आलेला. त्याची हिंदी आणि आमची हिंदी सारखीच, म्हणून जमलं.

"किधर के जी?"

"बीड."

"बीड तो हमारा था. निजाम के टैम पे."

"निजाम गया. बीड हैच अब्बी."

त्याला राग आला का हसू आलं ते कळलं नाही, पण वाद बराच वेळ चालला. मग त्याला आत बोलावलं. बीपी मोजलं तर चढलेलं. नर्सनं विचारलं तसं त्यानं दारातून माझ्याकडं बोट केलं.

"मेरा नक्को लिखो. ये बीड का है."

०

माझा नंबर दोन ते तीनच्या मधे पाहिजे. तो दीडावर येऊन बसला, म्हणजे रक्त घट्ट झालं. डॉक्टर लखनौचा, बोलायला गोड. म्हणाला, गुठळी होऊ शकते, असा नंबर असला तर विमानात बसू देणार नाही.

घरी येताना संजय म्हणाला, "आबा, मग आखिती इथंच करू. घागर मी आणतो."

मी म्हणालो, "तुझा आजा उभ्या जन्मात कड्याच्या बाजारापुढं गेला न्हाई. त्याला मस्कत कसं सापडंल?"

संजयनं गाडीतला रेडिओ लावला.

०

डॉक्टरनं गोळी वाढवली. नंबर हलेना. पालेभाजीनं या गोळीचा जोर मरतो म्हणे. त्यानं विचारलं, "हरी सब्ज़ी खाते हैं? पालक, मेथी?"

मी म्हणालो, "हात बी नहीं लगाता." आमच्या मंडळींनीही मान डोलावली.

"तो रोज़ खाते क्या हैं?"

मंडळी म्हणाल्या, "भाकरी अन् हरभऱ्याची भाजी. पन ती हिरवी न्हाई डाक्टर, वाळलेली हाय. काळी."

हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवतात, आमच्याकडं घरोघर असतो. गावाकडं ही भाजी आठवड्यातून एकदा होते. संजयला आवडते म्हणून हिनं पिशवी भरून नेली होती आणि रोज रांधत होती.

पुढच्या खेपेला हिनं भाजीची पुडीच नेली, काळी आहे हे दाखवायला. डॉक्टरनं चिमूटभर पाला कपात टाकून वर गरम पाणी ओतलं. पानं उलगडली. हिरवीगार. डॉक्टर माझ्याकडं बघू लागला, मी हिच्याकडं, ही कपाकडं.

ही म्हणाली, "लसूण न्हाई का तुमच्याकडं?"

०

भाजी बंद झाली. शेवटची तपासणी आखितीच्या आधी आली. तिकीट काढलेलं होतं, डॉक्टरनं हो म्हणायचं बाकी होतं. संजय रजा टाकून सोबत आला. गाडी त्यानं सावकाश चालवली.

नर्सनं टोचलं. मशिनीवर अडीच आला.

"बहुत बढ़िया," डॉक्टर म्हणाला. "बाबा, घर जाइए."

मंडळींनी तिथंच हात जोडले. मी टोपी सारखी केली. संजय डॉक्टरच्या टेबलावर वाकला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला, हळू आवाजात. डॉक्टर आधी त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

मी विचारलं, "क्या बोलता है?"

"कहता है, मशीन ग़लत भी हो सकती है. एक बार फिर देख लीजिए, शायद आबा को और रुकना पड़े."

संजय खिडकीतून खालच्या गाड्या बघत होता.

मी दुसरा हात पुढं केला.